यादीतलं शेवटचं नाव

झाई गावातल्या घरी दुपारी दक्षा भावानं, दीपेशनं, लिहिलेला भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्रॅम बिल्ड करायला बसली. आधी त्याची स्क्रिप्ट प्रोग्रॅमला लागणारं एकेक फंक्शन, म्हणजे कोडचा तयार तुकडा, मशीनमध्ये नावानं शोधते आणि पुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ छापते.

यादीच्या शेवटी दीपेशनं गमतीनं स्वतःचंच नाव घातलं होतं. त्या नावाचं फंक्शन नव्हतंच, त्यामुळे दर वेळी ‘नाही’ यायचं. बोट त्याच्याविना परतली त्याला दोन वर्षं झाली, तरी ती ओळ खोडणं दक्षाच्या जिवावर यायचं.

आज छापून आलं: दीपेश... आहे.

तिनं स्क्रिप्ट पुन्हा चालवली. आहे.

आईला हाक मारायला ती उठली. तेवढ्यात मागच्या दाराशी आईचा आवाज आला, पूर्वीसारखाच वैतागलेला.

“पाय धुऊन ये रे आधी. घरभर वाळू करतोस.”