ढिला बोल्ट

शिवाप्पा मिस्त्रीनं लाकडी दांडकं मोटारीच्या इंजिनाला टेकवलं आणि दुसरं टोक कानाला लावून तो बराच वेळ ऐकत राहिला. खरं तर ऐकायची गरज नव्हती. खडखड करणारा बोल्ट मागच्या खेपेला त्यानंच ढिला ठेवला होता. तेव्हापासून गोदाकाठची गावं रझाकारांची ही मोटार लांबूनच ओळखायची आणि ती पोचायच्या आत उभ्या जवारीत जाऊन लपायची.

"काय निघालं, मिस्त्री?" मागं उभ्या असलेल्या रझाकारांच्या म्होरक्यानं, सालारानं विचारलं.

"कळंना गेलंय, सरकार. समदं इंजिन खोलावं लागंल. मोटार इथंच ठिवा चार दिस."

चार दिवस तरी गावं निवांत झोपतील, असं त्याला वाटलं.

"सावकाश कर. कालच हैदराबादेहून नवी मोटार आलीय. तिला आवाजच न्हाई." सालार दारापर्यंत गेला आणि थांबला. "तुझं गाव सोनपेठच्या वाटेवरच हाय ना?"

शिवाप्पानं मान हलवली. दांडकं अजून त्याच्या कानाशीच होतं.

बाहेर उभी असलेली नवी मोटार कधी निघाली, ते त्याला ऐकूच आलं नाही.