दसऱ्यापर्यंतचा तेरडा

"नाना, पायरी आहे," म्हणत वृंदाने सासऱ्यांना हात धरून परसात आणलं. काचबिंदूने दृष्टी गेल्यावर ते पहिल्यांदाच बागेत येत होते.

गौरी गेल्या की उरलेला तेरडा उपटायचा आणि वाफा शेवंतीला द्यायचा, हा नानांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. तेरड्याचा रंग तीन दिवस, मग कशाला ठेवायचा? तरी लेकाचा दर पावसाळ्यात पुन्हा हजर. कुठून येतो, ते त्यांना कधी कळलं नाही. यंदा उपटायला कोणी नव्हतं, म्हणून दसऱ्यापर्यंत तो उभाच राहिला.

"फुलं गळलीत," वृंदा म्हणाली. "काढून टाकू?"

"थांब, मी काढतो." नाना वाकले. चाचपडणाऱ्या बोटांना लवदार, टपोरं बोंड लागलं आणि टच्कन फुटून हातातच उसळलं. त्यांनी दचकून हात मागे घेतला. मग हळूच दुसऱ्या बोंडाला बोट लावलं, तिसऱ्याला. दाणे पानांवर तडतडत लांब उडाले. एक त्यांच्या गालावर आपटला.

चाळीस वर्षं डोळे शाबूत होते, आणि हे कधी दिसलं नव्हतं.

"वृंदा," पुढचं बोंड शोधत ते म्हणाले, "शेवंती यंदा कुंडीत लाव."