वाघोबाची जागा

वाघोबा पुन्हा वर सरकला होता. गेल्या कार्तिकात तो आवळीच्या झाडाखाली बसला होता. आज झाड ओलांडून, झरा ओलांडून, पार वरच्या टेपाडावर जाऊन बसला होता. आवळी-भोजनाला आलेल्या बारा जणी डोक्यावरची भांडी तशीच धरून उभ्या राहिल्या.

सुभद्राबाईने हातातली परडी खाली ठेवली. ती गावच्या पाटलाची, खुशालरावाची आई. गाव अचलपूरच्या पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. तिथला कायदा एकच, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. वाघोबाच्या शेंदूर फासलेल्या दगडाच्या वर कुऱ्हाड चालवायची नाही, नांगर न्यायचा नाही. खालचं माणसाचं, वरचं रानाचं.

"देव चालते का, आत्याबाई?" सत्यवतीने हळूच विचारलं. ती सुभद्राबाईची नवी सून, खुशालरावाची बायको. तिची ही पहिलीच आवळी.

"तुह्या नवऱ्याले इचार. त्याचा चालते."

दोन वर्षांमागे समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तोवर वाघोबा खूप खाली, एका जुन्या मोहाच्या झाडाखाली असे. एका सकाळी तो आवळीपाशी दिसला. देवानेच जागा बदलली, असं पाटलाने गावाला सांगितलं. पाटलाला खोटं कोण पाडणार? मोह तुटला. त्याच्यासोबत अख्ख्या उतारावरचं रान तुटलं आणि तिथे कापूस उभा राहिला. आषाढात फुटणारा झरा पूर्वी होळीपर्यंत वाहायचा, तो आता पौषातच आटू लागला.

वाघोबा आवळीपाशी दिसला त्या सकाळी सुभद्राबाईने आपल्या लेकाला रांजणापाशी पाहिलं होतं. तो राखेने हात घासत होता. राख लाल होऊन वाहत होती. ती काही बोलली नव्हती. आई होती.

"लाकूडतोडे उद्या येऊन राहिले," मैनाबाई म्हणाली. पाटलाच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांची ती म्होरकी होती. "आवळीपासूनच सुरुवात करतीन म्हणे."

सत्यवतीने झाडाकडे पाहिलं. फांद्या फळांनी वाकल्या होत्या. याच झाडाला झोका बांधून सुभद्राबाई नवी नवरी असताना झुलली होती. तिची सासूही झुलली होती. वर्षभर चुलीपाशी आणि वावरात राबणाऱ्या बाईला रानातला हा एक दिवस तिचा स्वतःचा असे.

"आता काय करा लागते?" मैनाबाईने विचारलं.

"आंधी सैपाक," सुभद्राबाई म्हणाली. "उपाशी पोटी देव उचलत नसते."

कोणाला आधी कळलंच नाही. मग मैनाबाई हसली, आणि एकीचं पाहून दुसरी.

त्यांनी गोवऱ्या पेटवल्या. रोडगे भाजले, वांगी भाजली. सावकाश जेवल्या. झोका बांधून गाणी म्हटली. कोणी घाई केली नाही. मग सगळ्या टेपाडावर चढल्या. सुभद्राबाईने परडीतून तेल-शेंदूर काढला आणि दगडाला चांगला जाड, ओला लेप दिला. पाया पडली. पदर खोचला.

"लाव हात, सत्यवती."

दगड गुडघाभर उंचीचा होता. चार जणी थकल्या की दुसऱ्या चार जणी धरायच्या. भर दुपार होती. खालच्या वावरांतली माणसं कामं सोडून बांधावर उभी राहिली. बायका गाणं म्हणत उतरत होत्या. झरा मागे पडला. आवळी मागे पडली. पिकल्या कापसातून वाट काढत त्या थेट मोहाच्या खोडापाशी आल्या. नांगराला ते खोड निघालं नव्हतं. वाघोबा आपल्या जुन्या जागी टेकला.

खुशालराव धावत आला. त्याच्या मागे अर्धा गाव आला.

"माय, हे कोनं केलं?"

"कोनं म्हंजे? देव खाली आला. तो चालते, हे तूच तं सांगतलं गावाले."

"अवं, याच्या वर माहा कापूस हाय. अर्धं वावर हाय."

"वाघोबाचं हाय आता," मैनाबाई म्हणाली. "त्याच्या वरचं एक बोंड आमी येचत नाई. अन् आवळीले हात लावाले कोन येते, तेही पायतो."

खुशालरावाने गड्यांकडे पाहिलं. दगडाला हात लावायला कोणी पुढे झालं नाही. मागून कोणीतरी फिसकन हसलं. पाटलाचा चेहरा लाल झाला.

"देव काय असा दिवसाढवळ्या चालते, सगळ्यांच्या डोयादेखत?"

बोलला, आणि थांबला. शब्द परत घेता येत नव्हता.

सुभद्राबाईने दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. तळव्यापासून कोपरापर्यंत शेंदूर. तिच्या शेजारी सत्यवतीने हात पुढे केले, मग मैनाबाईने, मग बाकीच्यांनी.

"तुहा रातचा चालला, बापू. आमचा दिवसा चालला," ती म्हणाली. "अन् आमी हात धुतले नाई."