हत्ती, झाड आणि कांद्याची रोपं

"नाण्याची खरी बाजू हत्तीचीच!" वरच्या आळीचे नाना गरजले. "हत्ती म्हणजे आमचा गणपती."

"आणि मागच्या बाजूचं कठड्यातलं झाड? तो आमच्या पारावरचा पिंपळ," खालच्या आळीचे तात्या म्हणाले.

भिवराबाईच्या शेतात दोन हजार वर्षांपूर्वीचं हे नाणं सापडलं होतं. तिथे उभारायच्या स्मारकावर मान कोणत्या आळीचा, हे ठरेपर्यंत गावाने शेताला कुंपण घातलं. आत कांद्याची रोपं वाळत होती. बाहेर गावाची अक्कल चांगली तरारली होती.

"नाणं ठेवा, माझं शेत तेवढं मोकळं करा," भिवराबाई प्रत्येक बैठकीत म्हणे. इतिहासापुढे कांद्याचं कोण ऐकतंय!

अखेर सरपंचांनी तोडगा काढला. काचेच्या पेटीत, दोन्हीकडून मखमल लावून, नाणं कडेवर उभं केलं. हत्ती दिसेना, झाड दिसेना. दिसली फक्त एक हिरवट रेघ. दोन्ही आळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता तरी कुंपण काढा," भिवराबाई म्हणाली.

"जरा दम धरा, वहिनी," नाना आणि तात्या पहिल्यांदाच एका सुरात म्हणाले. "या रेघेचा अर्थ अजून लागायचाय."