पाचवी तक्रार

“केबल नीट बसवा, हे आता पाचव्यांदा ऐकणार नाही,” अतिदक्षता विभागाच्या तुस्कानो सिस्टर वैतागून म्हणाल्या. हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्राच्या स्क्रीनची केबल निघाली की अख्खं यंत्रच बंद पडत होतं. त्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ऋजुताने फोनवर चार वेळा तेच उत्तर दिलं होतं. आज ती स्वतः आली होती.

सिस्टरांनी रिकाम्या बेडजवळच्या स्क्रीनची केबल काढली. यंत्र बंद पडलं.

“इथे पेशंट असता तर?”

ऋजुता लॅपटॉप जोडून दोन तास शोधत बसली. केबल निघताच प्रोग्राम स्क्रीनसाठी राखलेली मेमरी सोडून देत होता, पण ठरावीक वेळाने चित्र काढणारा टायमर त्याच सोडलेल्या जागेत लिहीत राहत होता आणि यंत्र कोसळत होतं. आधी टायमर थांबवायला हवा होता. प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल, आणि त्या ओळी तिच्याच होत्या.

तिने ती केल्यावर सिस्टरांनी तीस वेळा केबल काढून पाहिली. यंत्र चालूच राहिलं.

“चूक माझी होती, सिस्टर.”

“मग तसं लिहून द्या. तुमच्या उत्तरांवरून माझ्या वॉर्डातल्या दोन नर्स पोरींना निष्काळजीपणाचे मेमो मिळालेत.”

ऋजुताने कागद ओढला. “नावं सांगा त्यांची.”