करंगळीच्या जागी अंगठा

"हा एक इथे कसा?" जुळाऱ्याने पडद्याजवळ डोकं नेलं.

संगणकावर पियानोच्या स्वरलिपीची पानं जुळवणं हा त्याचा धंदा. वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे, हा माउसने स्वर जुळवतो, म्हणून मित्रांनी ठेवलेलं नाव त्याला चिकटलं होतं. स्वर बसवणं सोपं. जीव खातात ते बोटांचे आकडे. एक म्हणजे अंगठा, पाच म्हणजे करंगळी. कुठला स्वर कुठल्या बोटाने घ्यायचा, ते सांगणारे हे चिमुकले आकडे केसभर सरकले तरी स्वराला जाऊन धडकतात आणि लांब ठेवले तर पोरके दिसतात.

आजची पानं परक्या गिऱ्हाइकाची नव्हती. एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायची रचना होती. उजवीकडे बसणार होती त्याची बायको. डावीकडे लंबू.

लंबू म्हणजे संगीतशाळेतला तिचा सहकारी. बिनलग्नाचा, ताडमाड, आवाज तुपात घोळलेला. रचनाही त्याचीच. जुळाऱ्याला तो 'दादा' म्हणायचा आणि तिला 'वहिनी'. ते 'वहिनी' जुळाऱ्याच्या कानाला जरा जास्तच गोड लागायचं.

पेन्सिलीने लिहिलेले आकडे लंबूच्याच हातचे होते. त्याचा तो पोट सुटलेला पाच जुळाऱ्याने झोपेतही ओळखला असता.

तिसऱ्या पानावर संथ भाग होता. तिथे तिचा डावा हात आणि लंबूचा उजवा हात शेजारशेजारच्या पट्ट्यांवर येत होते. तिने करंगळी वापरली की काम भागत होतं. दोन करंगळ्या शेजारी, बाकीची बोटं आपापल्या घरी. पण तिच्या स्वराखाली लिहिला होता एक. अंगठा.

जुळाऱ्याने टेबलावर आपलेच दोन हात, उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे, असे ठेवून पाहिले. उजवा लंबूचा, डावा तिचा. डाव्याचा अंगठा त्या जागी नेला, तर अख्खा पंजा उजव्या हातावर जाऊन विसावला. आणि स्वर चांगला लांब होता.

पुढच्या ओळीत तेच. त्याच्या पुढच्या ओळीतही तेच.

दुपारी बायको जेवायला घरी आली तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आकडे लंबूने घातलेत ना?"

"अक्षर त्याचंच आहे की." तिने वाटी पुढे ओढली. "का रे?"

"काही नाही. दोन-तीन जागी अवघड वाटले."

"तुला वाजवायचंय का?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "जसे आहेत तसे बसव. एकही हलवू नकोस."

"बरं."

"खरंच, हं."

लंबूच्या आकड्यांची केवढी ही काळजी! जुळाऱ्याचा घास तोंडातच फिरत राहिला. हल्ली सरावाला जाताना ती अत्तर लावायची. पियानोला वास कळतो का, असं त्याने एकदा विचारलंही होतं. तिने ते विनोदावारी नेलं होतं.

ती परत गेल्यावर त्याने त्या भागातला प्रत्येक 'एक' वेचून खोडला आणि तिथे पाच बसवला. नवऱ्याचा हक्क एवढ्या बारीक टाइपात कोणी बजावला नसेल, असं वाटून त्याला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी छापलेली पानं घेऊन तो स्वतःच संगीतशाळेत गेला. "जरा ऐकतो," म्हणून भिंतीकडच्या खुर्चीत बसला. दोघं वाजवू लागली. तिसरं पान आलं. तिचा पंजा सवयीने लंबूच्या हाताकडे झुकला आणि आकडा दिसताच हवेतच अडला.

"इथे एक होता," ती म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"असेल चुकून," जुळारी म्हणाला.

तिने पुढची ओळ पाहिली. तिच्या पुढचीही पाहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लंबू पट्ट्यांकडे बघत होता.

"माझं डोकं दुखतंय." तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

लंबूने उठून दार लावून घेतलं. जुळारीही उभा राहिला. तो जेमतेम लंबूच्या खांद्याला लागत होता, पण आज त्याला कशाचीच फिकीर नव्हती.

"दादा, आकडे तुम्ही बदललेत?"

"हो, मीच. आणि का बदलले, ते तुला चांगलं ठाऊक आहे."

लंबूने मान खाली घातली. मग पुढे होऊन त्याने जुळाऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"फार उपकार झाले, दादा. आकडे वहिनी सांगायच्या, मी नुसता लिहायचो. करंगळी घ्या म्हणून किती विनवलं मी त्यांना. ऐकायलाच तयार नव्हत्या."