दहापैकी दहा

"ऊठ, मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू दे," इंग्रजीचे सर म्हणाले.

तिच्या निबंधाला दहापैकी दहा. सरांचा हात मार्कांच्या बाबतीत भलताच आखडता, त्यामुळे वर्ग चकित झाला. मग मुलांना आठवलं, की हिचे वडील नुकतेच गेलेत. सरांनाही पाझर फुटतो म्हणायचा.

निबंध तिचा नव्हताच. तसा कुणाचाच नसे. सर निबंध सांगायचे, मुलं उतरवून घ्यायची आणि परीक्षेत जसाच्या तसा ओकायची. एक शब्द बदलला की अर्धा मार्क कापला. इंग्रजीची गोडी या शाळेत अशी लावली जाई. यंदाची प्रश्नपत्रिका तिचे वडील जायच्या आधीच छापून झाली होती आणि विषय होता, 'मी पाहिलेला अपघात'.

ती वाचू लागली. ट्रकने सायकलला उडवलं. सायकलवाला रस्त्यावर पडला. इंग्रजी असलं तरी प्रत्येक वाक्य वर्गाला तोंडपाठ होतं. आज मात्र मुलांनी माना खाली घातल्या. तिचे वडील रंगारी. शाळेजवळच्या वळणावर ते असेच पडले होते, आणि मागे कॅरिअरवर ही बसली होती.

"छान. पुढे," सर म्हणाले. ते खिडकीतून बाहेर बघत होते. खाली त्यांची पांढरी गाडी उभी होती.

तिने पुढचं वाक्य न अडखळता वाचलं. तेवढ्यात एका सज्जन गृहस्थाने गाडी थांबवली, जखमीला आत घेतलं आणि वेळेत दवाखान्यात पोचवलं.

तिथे ती थांबली.

"वाच ना. जखमी वाचतो, सगळे त्या गृहस्थाचे आभार मानतात. येतंय की तुला."

"सर, त्या दिवशी मी तुमच्या गाडीला हात केला होता," ती म्हणाली. आवाज निबंध वाचतानाचाच, सपाट. "तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि काच वर घेतलीत."

सरांनी खिसा चाचपून रुमाल काढला आणि उगाच हातात धरून ठेवला. पहिला तास, झालेला उशीर, असलं काहीतरी ते पुटपुटले. मग तिच्या बाकाजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे... हे पेपरात लिहिलं नाहीस ना कुठे? तुझा पेपर न वाचताच मार्क दिले मी."

"नाही सर. एक शब्द बदलला की अर्धा मार्क जातो."